वर्गाबाहेरचा तो

"तो कायम गप्प, मागच्या बाकावरचा," असं आपल्या वर्गमित्राबद्दल तू लिहिलंस. वर्गात तसाच होता तो. पण मी त्याच्या घरी जायचो, म्हणून थोडं सांगतो.

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, पुढच्याच खोलीत यंत्रमाग. घरात तेलुगू, शाळेत मराठी. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागायचं, आणि हा पठ्ठ्या भरभरून बोलायचा! रात्री वडलांसोबत मागावर उभा राहायचा, चादरीचा तुटलेला धागा बघता बघता जोडायचा. सकाळी वर्गात डोळे मिटायचे ते त्यामुळे. सरांना हे कधीच कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि दहावीतलं १२ जानेवारीचं, सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचं त्याचं भाषण विसरलास का? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १९३१ची फाशी. हातात कागद नाही, कुठे अडखळणं नाही. आपल्या बॅचमध्ये तसं दुसरं कुणी बोललं नाही.

त्याची आई अजून तिथेच राहते. रविवारी मी भेटायला जाणार आहे, कुणी येणार असेल तर सांगा. दहावीचा ग्रुप फोटो असेल तर त्याआधी पाठवा, मावशींकडे त्याचा शाळेतला एकही फोटो नाही.