मदत हवी आहे: ठाण्यात हाताचे चांगले फिजिओ कोण?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ वागळे इस्टेटला कामाला आहे. पत्रा कापताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा वाकवणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटला. त्याच रात्री ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे स्प्लिंट (हाताला आधार देणारी कडक पट्टी). जखम छान भरलीय, पण मूठ वळत नाही. ते बोट तळहातापासून दोन बोटं लांबच राहतं. शर्टाची बटणं आई लावून देते, बघवत नाही. डॉक्टर म्हणतात, टेंडन आतून चिकटलाय. आधी नेटाने व्यायाम, नाहीच सुटला तर काही महिन्यांनी मोकळा करायचं ऑपरेशन. शिवलेला टेंडन घाईत ताणला तर पुन्हा तुटू शकतो, म्हणून यूट्यूब बघून करायची हिंमत होत नाही. नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत हाताचंच काम करणारे कुणी माहीत आहेत का? असं बोट कुणाचं पूर्ण वळलंय का? किती दिवस लागले?