नवऱ्याने पिस्तूल घेतलंय आणि घरात मुलं आहेत. मिशिगनचा कायदा कोणाला धरतो?

सांगलीची_लेक (नोव्ही, मिशिगन)
नमस्कार मंडळी. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात भारतीयांची दोन घरं फोडली, दिवसाढवळ्या, सगळे कामावर असताना. अर्थात सोन्यासाठी. तेव्हापासून अहोंच्या डोक्यात पिस्तूल होतं. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि थोड्याच दिवसांत नाइन एमएम घरी आलं.

आता ते ठेवलंय कुठे, तर बेडरूमच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, माझ्या पैठणीच्या मागे. भरलेलं. सोबत पिस्तुलात ओवायचं केबलचं कुलूप आलं होतं, ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. अहोंचं म्हणणं, इतक्या वर पोरांचा हात पोचत नाही. याच फळीवर मी दिवाळीत चकल्यांचा डबा लपवला होता. आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी बाथरूममधलं स्टूल आणून तो अर्धा केला आणि झाकण नीट लावून जागच्या जागी ठेवला! धाकटी सहा वर्षांची आहे. शनिवार-रविवार पोराचे मित्र घरात असतात. मे महिन्यात सासूबाई येतायत, आणि त्या आल्या की आधी सगळी कपाटं आवरायला घेतात.

तर, कुलपात ठेवणं सक्तीचं आहे का? पिस्तूल अहोंच्या नावावर आहे, उद्या काही झालं तर मलाही धरतील का? आणि मुलगा ज्या मित्राकडे रात्री राहायला जातो त्याचे वडील शिकारी आहेत, त्यांना कसं विचारू?

मिडलंडकर
सक्ती आहे, १३ फेब्रुवारी २०२४ पासून. अठराच्या आतलं मूल घरात आहे किंवा येण्याची शक्यता आहे हे ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायला हवं असेल, तर हत्यार तसंच सोडून जाता येत नाही. कुलूपबंद पेटीत ठेवा, नाहीतर गोळ्या काढून हत्यारालाच कुलूप घाला. मूल म्हणजे तुमचंच असं नाही, पोराचे मित्रही त्यात आले. फळी किती उंच आहे हे कायदा विचारत नाही.

मुलाने ते घेऊन चारचौघांत मिरवलं तर ९३ दिवसांपर्यंत कैद. गोळी सुटून कोणी जखमी झालं तर ५ वर्षं, गंभीर इजा झाली तर १०, कोणी दगावलं तर १५ वर्षांपर्यंत. कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लिंटमध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या हातून गोळी सुटली आणि तिलाच लागली. या कायद्याखालचा पहिला खटला तिच्या वडिलांवर भरला गेला.

नावाचं म्हणाल तर हत्यार कोणी ठेवलं आणि जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे बघतात. तुमच्यावर कितपत येईल ते वकिलालाच विचारा. पण आपल्या मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या शाळेतला गोळीबार आठवत असेल. नोव्हेंबर २०२१, चार मुलं गेली. गोळीबार करणारा पंधरा वर्षांचा. पिस्तूल घेतलं होतं बापाने, तरी आधी दोषी ठरली ती आई, जेनिफर क्रम्ब्ली, फेब्रुवारी २०२४ मध्ये. बाप मार्चमध्ये. दोघांनाही १० ते १५ वर्षं. कुलपाचा कायदा तेव्हा नव्हता, खटला सदोष मनुष्यवधाचा होता. आणि मुद्दा नुसत्या पिस्तुलाचा नव्हता. त्याच सकाळी शाळेने आईबापांना बोलावून मुलाने काढलेलं पिस्तुलाचं चित्र दाखवलं होतं, तरी त्यांनी त्याला घरी नेलं नाही. पण कोर्टात केबलचं कुलूपही आलं होतं, न फोडलेल्या पिशवीत. अहोंना एवढं एक वाचून दाखवा.

ह्यूस्टनवाला
रात्री दोनला चोर शिरल्यावर किल्ली शोधत बसायचं का? मग घेतलं कशाला? आमच्या टेक्सासात असली कटकट नाही.

मिडलंडकर
टेक्सासातही भरलेलं हत्यार हलगर्जीपणाने सतराच्या आतल्या मुलाच्या हाती लागू दिलं तर गुन्हाच आहे. शिक्षा हलकी, इतकंच. आणि सोन्यावाले चोर घर रिकामं बघून येतात, हे ताईंनीच लिहिलंय. पैठणीमागचं पिस्तूल ते सोन्याबरोबर घेऊन जातील.

पलंगाला जखडायची छोटी तिजोरी मिळते. अंधारात चाचपून चार बटणं दाबली की उघडते, किल्लीचं नाव नाही. बोटाच्या ठशाची घेतलीत तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या बोटाने उघडून बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा हजारो तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या, कारण ठसा नोंदवेपर्यंत त्या कोणाच्याही बोटाने उघडत. बारा वर्षांचा एक मुलगा त्यात गेला. आणि कंपनीचा कोड बदला. क्रम्ब्लींच्या घरात तिजोरीही होती, तिचा कोड ०००.

माजी_सुभेदार (सातारा)
पोरी, माझ्याकडे बारा बोअरची बंदूक आहे, रानडुकरांसाठी, परवान्याची. निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागते. आपल्याकडे एकविसाच्या आतल्याला हत्यार बाळगायची परवानगीच नाही. पलटणीत रायफल कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, आणि गोळ्या वेगळ्या दारूगोळ्याच्या कोठारात, दोन्हीवर वेगवेगळे पहारे. घरीही मी तेच केलंय. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत, दोन्ही किल्ल्या माझ्या कडदोऱ्याला. नातवंडं किल्ली मागतात, मी देत नाही. विषय संपला.

सांगलीची_लेक
आबा, कडदोऱ्याची आयडिया अहोंना सांगते 😀 तिजोरी मागवली. येईपर्यंत गोळ्या काढून पिशवीतलं कुलूप लावलंय, माझ्यासमोर लावायला लावलं. रात्री राहायला जाण्याचं मात्र कोणी सांगितलं नाही.

मिडलंडकर
मीही हरणाच्या शिकारीला जातो, १५ नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला की आमच्या ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. शिकाऱ्याला हा प्रश्न लागत नाही, उलट कपाट उघडून दाखवतात. मेसेजमध्ये ॲलर्जी आणि कुत्र्याच्या ओघातच विचारायचं: "याला शेंगदाणे चालत नाहीत. तुमच्याकडे कुत्रा आहे का? आणि बंदुका कुलपात असतात ना? आमच्याकडे एक आहे, ती कुलपात असते." आपलं आधी सांगितलं की समोरचाही मोकळं सांगतो. उत्तर गोलमोल आलं तर पोरांना तुमच्याकडे झोपवा.

राहिला तिजोरीचा कोड. तो सासूबाईंनाही सांगायचा नाही. हे त्यांना कोण सांगणार, ते तुम्ही आणि अहो बघून घ्या.