मूळव्याध सुजली आहे: डायोस्मिनच्या रोज सहा गोळ्या जास्त नाहीत का?

प्रश्न
वडील ५८ वर्षांचे. दोन दिवसांपासून कोंब सुजलाय, शौचाला रक्त पडतं, बसवत नाही. डॉक्टरांनी तपासून डायोस्मिन-हेस्पेरिडिन ५०० मिग्रॅ दिलं आहे: चार दिवस रोज सहा, मग तीन दिवस रोज चार. औषधाच्या दुकानात म्हणाले, सकाळ-संध्याकाळ एकेक पुरते. कोणाचं ऐकायचं? घरात डायक्लोफिनॅक आहे, ते दुखण्यावर देऊ का? हृदयासाठी त्यांना ॲस्पिरिन चालू आहे.

उत्तर १
डॉक्टरांचं ऐका. एकेक गोळी ही ठणका ओसरल्यावरची मात्रा आहे. ऐन त्रासात दिवसाला ३००० मिग्रॅ, मग २००० हीच नेहमीची पद्धत. आठवड्याच्या ३६ गोळ्या होतात, त्यामुळे एक पाकीट आणून काम भागत नाही. एका गोळीत ४५० मिग्रॅ डायोस्मिन आणि ५० मिग्रॅ हेस्पेरिडिन असतं. दुकानातून १००० ची गोळी मिळाली तर संख्या निम्मी करा, इथे हमखास घोळ होतो. सहा एकदम गिळायच्या नाहीत. दोन-दोन करून जेवणासोबत द्या, नाहीतर पोट बिघडतं. हे औषध शिरांचा सैलपणा कमी करतं आणि सूज व रक्तस्राव कमी करतं. कोंब नाहीसा करत नाही.

उत्तर २
डायक्लोफिनॅक अजिबात नको. ॲस्पिरिन चालू असताना रक्तस्राव वाढेल, जठरालाही धोका. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० द्या, दोन मात्रांत किमान सहा तास ठेवून. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मळ घट्ट होतो, म्हणजे दुखणं वाढवून घेणं. आणि ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका.

गोळ्यांइतकंच महत्त्व इसबगोलला आहे, आणि नेमकं तेच लोक चुकीचं घेतात. एक चमचा पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर तोच मळ अडवतो. इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवा. परिणामाला १२ ते ७२ तास लागतात, म्हणून पहिल्याच रात्री मात्रा दुप्पट करू नका, फक्त पोट फुगेल.

प्रश्नकर्ता
कोंब बाहेर आहे, निळसर आणि कडक. तरी याच गोळ्या?

उत्तर १
ही बहुधा रक्ताची गाठ आहे. हा ठणका पहिल्या ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो. सहन होत नसेल तर त्याच मुदतीत सर्जन गाठ काढू शकतात, नंतर त्याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा चार दिवस गोळ्यांची वाट पाहत बसू नका, आजच फोन करा.

उत्तर ३
शौच करताना काचेने चिरल्यासारखं दुखत असेल तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, असेल. त्यावर डायोस्मिन फुकट जातं. ताप, लघवी अडणं, चक्कर, काळा मळ किंवा रक्त थांबत नसेल तर थेट इस्पितळ. आणि या वयात रक्त पडलंय, तर आराम पडल्यावर कोलोनोस्कोपीचं (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) विचारून घ्या.