रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी धडधड. बेळगावात मराठीतून कुठे दाखवू?

उद्यमबागवाला
नमस्कार मंडळी. वय ३४, उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. चार महिन्यांमागं तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडीवर असताना एकदम छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, श्वास पुरेना. आता गेलोच असं वाटलं. इसीजी, टूडी इको नॉर्मल. नंतर सहा-सात वेळा तसंच झालं. आता गेटाकडं जायचंच सोडलंय, लांबून फिरून कामावर जातो. आईनं दोनदा दृष्ट काढली. एक डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. टेन्शन काय मी हौसेनं घेतोय? कन्नड कामापुरतं येतं, पण पोटातलं सगळं कन्नडात सांगणं होणार नाही. गेट टाळतो हे घरी बायकोशिवाय कुणाला माहीत नाही.

खानापूरकर
दादा, हे मी दोन वर्षं भोगलंय. याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना शरीर धोक्याचा भोंगा वाजवतं, म्हणून धडधड आणि मुंग्या. साधारण दहा मिनिटांत चढतो आणि मग उतरतो. अटॅकपेक्षा त्याची भीती वाईट. तुम्ही गेट सोडलंत तसं मी आधी बस सोडली, मग बाजार, शेवटी पाहुण्यांच्या लग्नाला जाणं. जितकं टाळाल तितकं ते वाढतं. म्हणून लवकर दाखवा. सिव्हिल हॉस्पिटलला, म्हणजे बिम्सला, मानसोपचार विभाग आहे. नेहरूनगरला केएलई हॉस्पिटलातही आहे. आपल्याकडं बऱ्याच डॉक्टरांना मराठी येतं, फक्त केसपेपर काढतानाच विचारून घ्या. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल, तेही चांगलं, पण पहिल्यांदाच तेवढं लांब कशाला?

गोगटेसर्कल
रोज प्राणायाम करा, आपोआप जाईल. गोळ्यांची सवय लागते.

निपाणीची नर्स
प्राणायाम करू दे की, पण गोळ्यांचं अर्धवट सांगू नका. सवय लागण्याचा धोका अल्प्राझोलम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांचा. त्या थोडे दिवस, डॉक्टर सांगतील तेवढ्याच. मेडिकलमधून ओळखीवर आणून खाऊ नका, आमच्याकडं असे पेशंट फार येतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या वेगळ्या. त्यांची तशी चटक लागत नाही. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थपणा उलट वाढू शकतो. तिथंच लोक गोळी सोडतात! बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही, हळूहळू कमी करतात. थायरॉईड वाढल्यावरही धडधड होते, तेव्हा ती तपासणी करून घ्या. चहा कमी करा.

खानापूरकर
हे बरं सांगितलंत ताई. मला गोळीइतकाच सीबीटीचा, म्हणजे बोलून करायच्या उपचाराचा, उपयोग झाला. त्यात टाळलेल्या जागी थोडं थोडं करून परत जायला शिकवतात. हे मात्र आपल्या भाषेतच पाहिजे. गोळीला मराठी-कन्नड कळत नाही, पण बोलण्याला कळतं. रात्री फार घाबरलात तर १४४१६ लावा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी, फुकट, चोवीस तास. भाषा निवडताना मराठी घ्या.

शहापूरची सून
कंपनीत ईएसआय कापतात ना? मग आधी ईएसआयच्या दवाखान्यात विचारा, खर्च वाचेल. आणि आईंना सांगून टाका हो. माझ्या सासूबाईंना कळल्यावर त्याच औषधाची वेळ लक्षात ठेवायला लागल्या.

उद्यमबागवाला
बुधवारी जाऊन आलो. डॉक्टर हुबळीकडचे, मराठी तोडकं मोडकं, पण समुपदेशक बाई अनगोळच्या निघाल्या. "घाबरल्यावर पहिलं काय वाटतं, ते जसंच्या तसं सांगा" म्हणाल्या. अर्धा तास बोलतच होतो. थायरॉईड नॉर्मल. गोळी चालू केली. तीन दिवस पोटात ढवळतंय, असं होतं का?

निपाणीची नर्स
होतं. जेवून घ्या. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत कमी येतं. फारच त्रास झाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, गोळी आपणहून थांबवू नका.