मंगळसूत्र राहू दे, खसखस घरी ठेवा

मस्कतची मावशी:
सकाळपासून तीन ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. 'पहिल्यांदाच मुस्लिम देशात चाललाय? आधी हे वाचा.' बायकांनी टिकली काढावी, मंगळसूत्र आत सरकवावं, बॅगेत बुरखा ठेवावा, पाकिटातला गणपतीचा फोटो घरी ठेवावा आणि 'शक्यतो मान खाली घालून चालावं'. खाली सही टिळकवाडीची, म्हणजे आपल्या बेळगावातलीच. परगावच्या कुणी लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं.

मी नऊ वर्षं मस्कतात संसार केला. टिकली, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, सगळं घालून बाजार केला. नऊ वर्षांत टिकलीबद्दल एकाच बाईनं विचारलं, ते तिच्या मुलीला तशी हवी होती म्हणून. अख्खं पाकीट दिलं तिला. तिथल्या मोतीश्वराच्या देवळात महाशिवरात्रीची गर्दी बघून मला आपला कपिलेश्वर आठवायचा. सुलतान काबूस मशिदीत बायकांना केस झाकावे लागतात, हातपाय झाकावे लागतात, आणि आपल्याला आत जायचं तर सकाळी आठ ते अकरा, शुक्रवारी नाही. ती त्या जागेची शिस्त. गुरुद्वारात रुमाल बांधताना कुणाचा धर्म बुडत नाही.

आता खरी भानगड ऐका. सासूबाई दिवाळीला नणंदेकडे दुबईला निघाल्या. चाळीस अनारसे डब्यात भरून तयार. आदल्या रात्री नणंदेचा फोन, 'आईनं खसखस तर नाही ना आणली?' युएईत खसखस अमली पदार्थांत धरतात, दाणा सापडला तरी पंचाईत. रात्री साडेअकराला आम्ही दोघी सुरीनं अनारसे खरवडत बसलो. खसखस कुठं निघतेय! शेवटी डबा बेळगावातच राहिला आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू कायदा मीच केला.

त्या मजकुरात याबद्दल एक ओळ नाही. टिकलीवर मात्र परिच्छेद.

टिळकवाडीकर:
सही माझीच आहे, लपवत नाही. मावशी, तुमचं मस्कत म्हणजे अख्खं जग नव्हे. इराणात परदेशी बाईलासुद्धा कायद्यानं डोकं झाकावं लागतं. सौदीनं टुरिस्ट व्हिसाच 2019 ला सुरू केला, त्याआधी फिरायला म्हणून जाताच येत नव्हतं. नऊ वर्षं एका गावात राहिलात म्हणून 'काही होत नाही' असं लोकांना सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. माझ्या चुलतभावाचा पासपोर्ट आखातात मालकानं दीड वर्ष कपाटात ठेवला होता. काकू रोज रडायची. सावध राहा म्हटलं तर तुम्हाला मिरची का लागली?

मस्कतची मावशी:
भावाचं ऐकून वाईट वाटलं, खरं तो कामाला गेला होता, फिरायला नव्हे. त्याचा पासपोर्ट कपाटात गेला तो मालकाच्या हरामखोरीनं, टिकलीनं नाही. आणि इराणचा कायदा, सौदीचा कायदा, मस्कतची रीत, इंडोनेशियातला बाली, सगळं एका पातेल्यात घालून 'मुस्लिम देश' म्हणून ढवळलंत, हाच तर माझा आक्षेप आहे. जायचंय कुठं ते आधी लिहा, मग काय घालायचं ते सांगा.

निपाणीकर:
बायकांचं झालं. आमच्या पुडीचं काय? तंबाखू-चुन्याशिवाय मला सकाळ होत नाही.

मस्कतची मावशी:
दुबईत पान, विड्याची पानं नेताच येत नाहीत. आणि तोंडात काही टाकून मेट्रोत चढायचं नाही, नुसतं खाल्लं-प्यायलं तरी शंभर दिरहम दंड. पिचकारीचा तर विचारही करू नका.

निपाणीकर:
मग आपलं सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंतच बरं.

सीमावासी:
सगळे कपड्यांवर भांडुलालासा, मुख्य गोष्ट कुणी बोलत नाही. पासपोर्टवर जन्मठिकाण काय छापून येतंय बघा. माझ्या जन्मदाखल्यावर 'बेळगाव', शाळेच्या दाखल्यावर 'बेळगाव'. एका खिडकीवर मला सांगितलं, 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून गावाचं नाव बेळगावी, तसंच घाला. तारीख तरी बघा कुठली निवडली, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या आमच्या काळ्या दिनाची! तीन चकरा मारल्या. फॉर्म भरून देणाऱ्यानं आडनाव कानडी धाटणीनं लिहिलं, शेवटी एक 'ए' जास्त. सीमाभागातल्या 865 गावांवरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि इथं अनारशांवर चर्चा.

टिळकवाडीकर:
आला हा. कुठल्याही धाग्यात सीमाप्रश्न.

सीमावासी:
तू टिळकवाडीत बसून दुबईची भीती विक. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्र्यांना बेळगावात येऊ दिलं नाही, आठवतंय? तणाव झाला की एसटी अलीकडंच थांबते. आपला पहिला परदेश कोगनोळीच्या पलीकडं सुरू होतो. तिथली तयारी कोण सांगणार?

दरबार गल्ली:
हसू येतंय वाचून. मुस्लिम देशात मान खाली घालून चाला म्हणणारा टिळकवाडीकर ईदला आमच्याकडं शिरखुर्मा प्यायला मान वर करून येतोय की. अब्बांना उमऱ्याला पाठवलं तेव्हा आम्हीही घाबरलो होतो. सौदीत आपलं कोण हाय? आमचं मराठी, आमचं बेळगाव. अब्बांनी पहिल्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, 'चहात दूध का घालत न्हाईत हे लोक?'

आणि सीमावासी, तुझं 'बेळगाव की बेळगावी' आखातात कुणी वाचत न्हाई रे. माझ्या मेव्हण्याला काउंटरवर विचारलं, 'बेल्जियम?' तो हो म्हणाला आणि पुढं गेला.

सीमावासी:
हसा. उद्या तुमच्या पोरांच्या दाखल्यावर काय येईल बघा. नाव गेलं म्हणजे काय गेलं हे दुबईच्या मॉलात फिरून कळत नाही.

टिळकवाडीकर:
शिरखुर्म्याचं मधे आणायची गरज नव्हती. मी लिहिलं ते अनोळखी मुलुखाबद्दल होतं, शेजाऱ्याबद्दल नव्हे.

दरबार गल्ली:
तेच तर विचारलं मी. पोस्टात 'मुस्लिम' लिहिलंय, 'अनोळखी' न्हाई.

खानापूरची सून:
भांडणात मधे येते, माफ करा. सासू-सासऱ्यांना 2027 च्या फेब्रुवारीत दुबई दाखवायची आहे, गोव्याहून. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. सासूबाईंच्या पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी आहे, नावात नुसतं 'गंगूबाई'. सासऱ्यांना गुडघ्याच्या गोळ्या, सासूबाईंना खोकल्याचं औषध. आणि त्या मांडे घेऊन जाणारच म्हणतात.

मस्कतची मावशी:
अगो बाई, सीमावासीचा त्रागा इथं कामाला आला बघ. आडनाव रिकामं आणि नावात एकच शब्द असेल तर युएईचा टुरिस्ट व्हिसा अडतो, 2022 च्या नोव्हेंबरपासूनचा नियम आहे. आधी पासपोर्ट दुरुस्त कर, मग तिकीट काढ. कुणी एजंट 'होतंय सगळं' म्हणाला तरी ऐकू नकोस.

गोळ्यांची नावं डॉक्टरांना विचार. ट्रामाडॉल, कोडीन असलं काही असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची आधी ऑनलाइन परवानगी लागते. चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत ठेव, डबीत सुट्ट्या गोळ्या भरू नकोस. मांड्यांत पिठीसाखरेबरोबर खसखस असते, ते घरीच खा. कुंदा ने, तो दूध-खवा-साखरेचा. कांदा-लसूण मसाला घरचा असेल तर त्यातही खसखस पडलीय का ते विचार.

फेब्रुवारीचं मात्र बघ. त्या वर्षी रमजान साधारण 8 तारखेला लागेल, चंद्रावर एखादा दिवस इकडंतिकडं. दुबईत हॉटेलं चालू असतात, पण म्हाताऱ्यांना दिवसा रस्त्यावर डबा उघडून खायची सवय असते, तेवढं सांभाळ. ओमानात तर रमजानात दिवसा उघड्यावर खाणं गुन्हाच आहे. जानेवारीत ने, ऊनही बरं असतं. अबुधाबीचं मोठं देऊळ 2024 ला उघडलं, सासूबाईंना तिथं ने, टिकली लावूनच. आणि व्हॉट्सअॅपवरून फोन तिथून लागत नाही हे घरी सांगून ठेव, नाहीतर खानापुरात रडारड.

टिळकवाडीकर:
एकनावी पासपोर्टचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, मान्य. खसखस आणि औषधं माझ्या मजकुरात घालतो. पण 'सावध राहा' काढणार नाही.

मस्कतची मावशी:
राहू दे. टिकली काढ.

टिळकवाडीकर:
माझ्या कपाळाला नाहीच.

मस्कतची मावशी:
मजकुरातली रे!

निपाणीकर:
मावशी, पुडीचं अजून नक्की कळलं न्हाई. खिशात एक चालती का?

सीमावासी:
आणि मजकूर सुधारणारच असशील तर खाली सही करताना 'बेळगाव' लिही. 'वी' लावू नकोस.