क्रूझवरची गॅस्ट्रोची साथ : आई-बाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

अबोली_सांगली

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. फेब्रुवारीत त्यांना घेऊन फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ ठरवली आहे, पैसेही भरून झालेत. बाबा ७३ वर्षांचे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत आणि त्यातली एक लघवी जास्त होणारी. आई ६८ची, तब्येतीने ठणठणीत.

घोर लागलाय तो मागच्या अनुभवामुळे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं एका क्रूझवर होतो. चौथ्या दिवशी पहाटे लेकीला उलट्या सुरू झाल्या. नवरा म्हणाला, "कळवलं तर खोलीतच बसवून ठेवतील. बंदरावर काहीतरी बाधलं असेल, होईल बरी." मी ऐकलं. दुपारी तिला जरा हुशारी वाटली म्हणून साधा भात तरी मिळेल या आशेने बुफेला घेऊन गेले. तिने स्वतःच डाव उचलून वाढून घेतलं. तिच्या मागे एक आजी-आजोबा ताट घेऊन उभे होते. रात्री लेक पुन्हा ओकली, दुसऱ्या दिवशी नवरा आडवा झाला, मग मी. तेव्हा कुठे आम्ही वैद्यकीय कक्षाला फोन केला. त्या आजी-आजोबांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण तो डाव आणि ते दोघं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आता त्याच रांगेत माझे आई-बाबा उभे राहणार आहेत.

तेव्हापासून बरंच वाचलं. बहुतेक वेळा याच्या मुळाशी नोरोव्हायरस असतो. १९६८ साली ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली होती, त्या गावावरून हे नाव पडलं. जानेवारी २०१४मध्ये न्यू जर्सीहूनच निघालेल्या 'एक्स्प्लोरर ऑफ द सीज' जहाजावर सहाशेहून जास्त प्रवासी आजारी पडले आणि सफर अर्धवट सोडून जहाज परत आणावं लागलं. हे वाचल्यापासून रात्री झोप लागत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जहाज स्वच्छ आहे की नाही हे आधी कळू शकतं का? बाबांसाठी सोबत काय न्यावं? आणि मुख्य म्हणजे, कोणाला त्रास झालाच तर लगेच कळवल्यावर नेमकं काय होतं? आमचे एक काका आत्तापासूनच बजावतायत, "काही झालं तरी सांगू नका." मला यावेळी तसं करायचं नाही, पण बाबांना दोन-तीन दिवस खोलीत एकटं ठेवतील का, ही धास्ती आहे.

निशिगंध_एडिसन

पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांची तपासणी सीडीसीचा (इथली सरकारी आरोग्य संस्था) व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम, म्हणजे जहाज-स्वच्छता विभाग, करतो. तपासनीस न कळवता येतात. शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा कमी मिळाले तर जहाज नापास. स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी, तरणतलाव, सगळं बघतात. जहाजाचं नाव टाकून गुण आणि तपासणीत सापडलेल्या चुका सीडीसीच्या संकेतस्थळावर वाचता येतात. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के किंवा जास्त लोकांना पोटाचा त्रास झाला, तर त्या सफरीचं नावही तिथे येतं. मात्र ९८ गुणांच्या जहाजावरही साथ येऊ शकते. व्हायरस बहुधा आपल्यासारख्या प्रवाशांबरोबरच चढतो, गुण जहाजाच्या स्वच्छतेचे असतात.

आणि ताई, झोप उडवून घेऊ नका. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या जेमतेम १ टक्का असतात. वृद्धाश्रम, इस्पितळं, हॉटेलं यांतल्या कितीतरी जास्त. जहाजांना मोजणी करून कळवावंच लागतं, म्हणून त्यांची बातमी होते.

दर्यावर्दी_वेंगुर्ला

ताई, मी नऊ वर्षं बोटीवर आहे. आधी केबिन साफ करायचो, आता बुफेवर असतो. सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कळवल्यावर काय होतं? फोनवर लक्षणं विचारतात, नर्स किंवा डॉक्टर तपासतात. मग लक्षणं थांबल्यावर साधारण २४ ते ४८ तास खोलीतच राहायला सांगतात, प्रत्येक कंपनीचा नियम थोडा वेगळा. जेवण दाराशी येतं. साधा भात, टोस्ट, सूप, पाणी मागा, मिळतं. पोटाच्या त्रासाच्या तपासणीचे पैसे अनेक कंपन्या घेत नाहीत, पण चढल्यावर विचारून ठेवा. बाबांसोबत आई राहू शकते, एकटं कोणी टाकत नाही.

आकडा वाढायला लागला की आमच्याकडे सगळं बदलतं. बुफेवर लोकांना डाव-चिमट्यांना हात लावू देत नाहीत, आम्ही हातमोजे घालून वाढतो. टेबलावरचं मीठ-मिरी, सॉसच्या बाटल्या उचलतात. जिन्यांचे कठडे, लिफ्टची बटणं, दारांच्या मुठी तासातासाला पुसतो. तेव्हा कोणी तक्रार केली की वाईट वाटतं, कारण आमचं काम दुपटीने वाढलेलं असतं.

आता मनातलं सांगतो. लोक खोलीत उलटी झाली की लाजेने टॉवेलने पुसतात आणि तो टॉवेल बाकीच्या कपड्यांत गुंडाळून ठेवतात. तो उचलणारा आमच्यातलाच एखादा पोरगा असतो. आम्ही एका खोलीत दोघं झोपतो. एकाला झालं की दुसऱ्याचं काय, विचार करा. तुम्ही फोन केलात तर अंगरखा, मास्क, हातमोजे घालून वेगळी माणसं येतात आणि या व्हायरसला मारणाऱ्या औषधाने साफ करतात. टॉवेलला हात लावू नका, बाजूला व्हा आणि फोन करा, एवढं कराल तर आमच्यावर उपकार होतील.

काकांना सांगा, लपवल्याने खोलीतले दोन दिवस वाचत नाहीत. तुमच्याच घरातले तिघं एकामागून एक पडले ना.

वैद्य_मिरज

मी फिजिशियन आहे. बाबांना न तपासता औषधं सांगणार नाही, पण निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा : "उलट्या-जुलाब सुरू झाले तर मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची का, आणि परत कधी सुरू करायची?" अंगातलं पाणी कमी झालेलं असताना लघवीची गोळी मूत्रपिंडांवर ताण आणू शकते, आणि मूत्रपिंडं मंदावली की मेटफॉर्मिन अंगात साठून त्रास देऊ शकतं. उत्तर कागदावर लिहून घ्या. मनाने बंद करू नका.

या आजारावर वेगळं औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत आराम पडतो. खरा धोका पाणी कमी होण्याचा, आणि या वयात तहान कमी लागते. ओआरएसची पाकिटं न्या. त्यात साखर असते म्हणून मधुमेह्यांना देत नाहीत, ही चूक करू नका. घोट घोट द्या आणि रक्तातली साखर मोजत राहा. लघवी खूप कमी झाली, उठताना चक्कर आली, गुंगी वाटली किंवा शौचातून रक्त गेलं तर तासभरही थांबू नका. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या आपण देऊ नका.

बरं वाटल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ व्हायरस शौचातून बाहेर पडत राहतो. त्यामुळे हात धुणं तेव्हाही तितकंच महत्त्वाचं.

निशिगंध_एडिसन

हातांवरून आठवलं. बुफेच्या दाराशी सॅनिटायझर असतो, तो लावला की आपल्याला निर्धास्त वाटतं. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, किमान २० सेकंद. आपल्या लोकांसाठी आणखी एक : आपण हाताने जेवतो. रांगेत शंभर जणांनी धरलेला डाव धरायचा आणि त्याच हाताने पोळी मोडायची. म्हणून वाढून घेऊन टेबलावर ताट ठेवा, मग हात धुऊन या. माझ्या सासूबाई पूर्ण सफरभर असंच करत होत्या. एका बाटलीतून सगळ्यांनी पाणी पिणं, एकमेकांच्या ताटातलं चाखून बघणं, हे तेवढे सात दिवस बंद.

अबोली_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. दर्यावर्दी दादा, तुमचा टॉवेलचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, यावेळी फोन मी करेन. मागच्या वेळी आमची खोली साफ करणारा मुलगा शेवटच्या दोन दिवसांत दिसलाच नाही. दुसराच येत होता, आणि तेव्हा मी विचारलंही नाही.

डॉक्टर, बाबांच्या डॉक्टरांना आज रात्री सांगलीला फोन लावते. ओआरएसची किती पाकिटं घेऊ?

वैद्य_मिरज

एक लिटरची दहा घ्या, सगळ्यांना पुरतील. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, कमी-जास्त नको. आणि ती बाबांच्या हातातल्या पिशवीत ठेवा. पहिल्या दिवशी सामान खोलीत पोचायला संध्याकाळ होते.