आशय, विषय, आशयसूत्र, थीम... निबंधात नक्की कुठला शब्द?

टीवायला आहे, मराठी स्पेशल, पुण्यात. 'बनगरवाडी'वर निबंध लिहायचाय, 'कादंबरीचे आशयसूत्र स्पष्ट करा'. अप्पा बळवंत चौकातून गाइड आणलं त्यात एका पानावर मध्यवर्ती कल्पना लिहिलंय, पुढच्या पानावर आशय, आणि मॅडम वर्गात थीम म्हणतात. हे सगळं एकच का? मी 'दुष्काळ हे आशयसूत्र आहे' असं लिहिलं तर मॅडमनी प्रश्नचिन्ह काढून परत दिलं.

—

एकच नाहीत, आणि प्रश्नचिन्ह बरोबर आहे. दुष्काळ हा झाला विषय. विषय एका शब्दात सांगता येतो, गाव, दुष्काळ, एकटेपणा, आणि त्यावर कुणी वाद घालू शकत नाही कारण अजून काही म्हटलेलंच नसतं. कथानक म्हणजे काय काय घडतं ते, तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, हळूहळू लोक त्याला आपला मानतात, सगळे मिळून तालीम बांधतात, मग पाऊस पडत नाही आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात. कादंबरी या सगळ्यातून त्या विषयाबद्दल काय म्हणते ते आशयसूत्र, आणि ते क्रियापदासकट पूर्ण वाक्यात लिहावं लागतं.

नुसता आशय हा शब्द मोठा आहे. जलाशय, गर्भाशय यातला आशय तोच, ज्यात काहीतरी साठून असतं. समीक्षेत आशय आणि अभिव्यक्ती अशी जोडी येते तेव्हा आशयात अनुभव, भावना, विचार सगळंच आलं, त्यातून सलग जाणारा धागा तेवढा आशयसूत्र. असे धागे एका कादंबरीत दोन-तीनही असतात, तू एकच धर पण नीट धर.

—

मी कॉलेजात शिकवते म्हणून कळकळीने लिहितेय, खरी अडचण तात्पर्य या शब्दाची आहे. शाळेत कथालेखनाच्या शेवटी 'तात्पर्य : एकी हेच बळ' लिहायची इतकी सवय लागते की आशयसूत्र विचारलं की मुलं उपदेश लिहितात. 'कोसला' घ्या, 1963 ची कादंबरी, पुण्यातलं कॉलेज, हॉस्टेल. तिच्यावर 'खेड्यातली मुलं शहरात येऊन वाया जातात' असं लिहिलेले निबंध येतात. हे तात्पर्य झालं, आणि ते पुस्तक न उघडताही लिहिता येतं!

त्याऐवजी 'कोसला'त स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या नायकाचे, पांडुरंग सांगवीकरचे दोन शब्द बघा, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. उदाहरणार्थ म्हटलं की आधी एखादं विधान असतं आणि पुढे त्याचा दाखला येतो. हा मात्र कादंबरीच्या सुरुवातीलाच स्वतःचं वय सांगताना उदाहरणार्थ म्हणतो, म्हणजे आपलं असणंसुद्धा त्याला अनेकांतला एक नमुना वाटतंय. आणि वगैरे म्हणून तो बोलणं अर्ध्यावर सोडतो, पुढचं सांगण्यात अर्थ नाही असं वाटल्यासारखा. यावरून 'स्वतःच्या आयुष्याकडे नमुना म्हणून बघणं ही पांडुरंगची स्वतःला वाचवण्याची धडपड आहे, पण धाकटी बहीण मनी जाते तेव्हा ती पुरी पडत नाही' असं वाक्य बांधता येतं. आता यावर कुणी 'नाही, पटत नाही' म्हणू शकतं, म्हणूनच ते निबंधाच्या कामाचं. आणि पुरावा कुठे शोधायचा तेही त्याच वाक्यात आहे, मनीच्या मृत्यूच्या भागात भाषा कशी चालते ते वाचायचं.

—

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ थीम म्हणा की, सगळ्यांना कळतं.

—

बोलताना म्हणा, मीही म्हणते. पण गणपतीच्या डेकोरेशनची थीम, लग्नाची थीम, मोबाइलची थीम हे कानावर इतकं असतं की थीम म्हटल्यावर मुलांच्या डोक्यात विषयच येतो, 'या वर्षीची थीम पर्यावरण' तसं. आशयसूत्र लिहिलं की निदान सूत्र कुठून कुठे जातं असं विचारता तरी येतं. मध्यवर्ती कल्पना कवितेच्या रसग्रहणात ठीक आहे, कादंबरीला अपुरी पडते असं माझं मत. कथाबीज मात्र वेगळं, ते लेखकाला सुचलेलं मूळ, वाचकाने ते शोधत बसायची गरज नाही.

—

मग असं चालेल का? 'माणसांनी मिळून उभं केलेलं गाव एका दुष्काळात मोडतं, पण एकत्र येण्याची त्यांची ओढ खोटी ठरत नाही.'

—

चालेल, छान आहे. 'पण'च्या पुढचं सिद्ध करणं अवघड, तिथेच जास्त लिही. तालीम बांधतात तो भाग आणि वाडी रिकामी होते तो भाग शेजारी शेजारी ठेव, कोण काय बोलतं, कोण गप्प राहतं ते बघ, आणि कादंबरीतल्याच ओळी अवतरणात दे. कथानक चार-पाच ओळींत आटप. शीर्षकात आशयसूत्र लिही आणि आत सगळीकडे तोच शब्द वापर, मध्येच आशय मध्येच विषय करू नकोस.